इंजिनातला मळ जातो कुठे?

गाडीची चावी काढून हातात घेतली, तरी इंजिन बंद झालं नाही. उलट जास्तच जोरात पळायला लागलं. असं मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेही माझ्याच गॅरेजच्या अंगणात, माझ्याच चुकीने.

मलकापुरात हायवेला लागून माझं गॅरेज. तीस-पस्तीस वर्षं चालवलं. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून पुतण्याच्या हवाली केलंय. मी अधूनमधून जाऊन खुर्चीवर बसतो आणि कोणी विचारलं नाही तरी सल्ले देतो. इतक्या वर्षांत किती इंजिनं उघडली याचा हिशोब नाही. पण "मिस्त्री, एखादी आठवण सांगा ना" असं कोणी म्हटलं की सोनाळ्याच्या सुनंदाताई आणि त्यांची सात सीटची डिझेल गाडी डोळ्यांपुढे येते. ती गोष्ट सांगायची तर आधी टर्बो म्हणजे काय ते सांगणं भाग आहे. कंटाळू नका, गोष्ट सोपी आहे.

इंजिनात डिझेल जळलं की गरम धूर निघतो. जुन्या गाड्यांत तो सायलेन्सरमधून बाहेर जायचा आणि विषय संपायचा. टर्बोवाल्या गाडीत तोच फुकट जाणारा धूर कामाला लावलेला असतो. धूर एका चक्रावर आदळतो, चक्र फिरतं. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल जळतं आणि गाडीला ताकद येते. बस, एवढंच. पण ही चक्रं केवढी? मध्यम पेरूएवढी. फिरतात किती? मिनिटाला लाखाच्या वर. एका बाजूला लोखंड लाल होईल अशी धग, दुसऱ्या बाजूला साधी हवा, आणि मध्ये करंगळीपेक्षा बारीक दांडी. ती दांडी लोखंडावर टेकलेलीच नसते. इंजिनातलं तेल एका बारीक नळीतून तिच्याभोवती येत राहतं आणि केसाहून पातळ अशा त्या तेलाच्या थरावर ती तरंगत फिरते.

मी शिकलो जुन्या जीपगाड्यांवर. तिथं सगळं दांडगं, ठोकून बसवायचं. पहिल्यांदा टर्बो खोलून हातात घेतला तेव्हा मी सहज त्या चक्राला बोटाने टिचकी मारली. ते फिरलं, आणि आवाजच नाही. फिरतच राहिलं. माझे वडील इथल्याच एका जिनिंगमध्ये हमाल होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचो आणि सरकी-कापूस वेगळा करणाऱ्या त्या यंत्रांकडे तोंड उघडं टाकून बघत राहायचो. टर्बो हातात घेऊन मी पुन्हा तसाच उभा होतो, चाळिशी ओलांडल्यावर. माणसाच्या डोक्यातून असं काही निघू शकतं, याचंच मला नवल वाटत होतं. ते नवल अजून ओसरलेलं नाही.

आता बाटलीबद्दल. इंजिनातलं तेल वेळेवर बदललं नाही की ते आतल्या आत शिजतं, काळं पडतं, घट्ट होतं. तळणाच्या कढईला बाहेरून जसा काळा थर चढतो तसा मळ आत चढतो. तो काढायला बाजारात केमिकल मिळतं. आम्ही त्याला फ्लश म्हणतो. जुन्या तेलात बाटली ओतायची, गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची, मळ तेलात विरघळतो, मग ते सगळं तेल काढून टाकायचं आणि नवं भरायचं. बाटलीवर तरी असंच लिहिलेलं असतं.

या बाटलीवर माझा विश्वास बसला तो लोणारच्या एका गणिताच्या सरांमुळे. जगभरची माणसं सरोवर पाहायला लोणारला येतात, आणि हे सर गाडीचं तेल बदलायला मलकापूरला यायचे, कारण सासुरवाडी इथली. त्यांची छोटी टर्बोची गाडी होती. तेल मोजायची पट्टी ते पांढऱ्या रुमालाला पुसायचे आणि तो डाग उन्हात धरून बघायचे. तेल बदलायच्या तारखा वहीत. एकदा ते स्वतःच फ्लशची बाटली घेऊन आले. टाकली, पंधरा मिनिटं घड्याळ लावून बसले. तेल काढलं, नवं भरलं. गाडी उत्तम चालली. सर खूश, मी खूश. त्यानंतर मी जो येईल त्याला फ्लश सुचवायला लागलो. मुळात सरांच्या इंजिनात मळ नव्हताच, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. निरोगी माणसाला औषध मानवलं, तर त्यात औषधाचं काय कौतुक?

सुनंदाताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, गाडीवाला मागे असेल. पण त्याच चालवत होत्या. चाळिशीच्या बाई, नऊवारी नाही की पंजाबी ड्रेस नाही, साधी पाचवारी साडी, पदर खोचलेला, पायात बूट. सोनाळ्याहून लोकांना रेल्वेसाठी मलकापूरला आणायच्या, परतीची माणसं घेऊन जायच्या. मी विचारलं, "ताई, साहेब नाही आले?"

"ते वावरात आहेत," त्या म्हणाल्या. "शेती त्यायची, गाडी माही. बोला."

गाडी जुनी घेतलेली, आधीच्या मालकाने बेदम पळवलेली. मी तेलाचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. डांबरासारखा गोळा बोटावर आला. असं इंजिन पाहिलं की माझ्यासारख्या मिस्त्रीच्या अंगात वारं येतं.

"ताई, आत लय मळ आहे. पण आपल्यापाशी औषध आहे. फ्लश मारतो, इंजिन आतून धुतल्यासारखं होते."

त्यांनी बाटली हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हंजे हा मळ सुटंन?"

"हाव. सगळा सुटते."

"सुटंन तं जाईन कुठं?"

मी हसलो. मला चांगलं आठवतं, मी हसलो. "अहो ताई, तेलासंगं निघून जाते. खालून बोल्ट उघडला का सगळं बाहेर."

"सगळं?"

"तुम्ही चहा घ्या," मी म्हणालो.

बाटली ओतली, गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालवली, बोल्ट उघडला. काळंकुट्ट, पाण्यासारखं पातळ तेल भडाभडा बाहेर आलं. मी ती बादली त्यांना अशी दाखवली, जणू विहिरीला पाणी लागलं होतं. नवं तेल, नवा फिल्टर. इंजिनाचा आवाज खरंच मऊ झाला होता. ताई गेल्या. त्या दिवशी मी माझ्यावरच खूश होतो.

दोनेक आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. "मिस्त्री, गाडी शिट्टी मारून राह्यली."

मी बॉनेट उघडून कान दिला. बारीकशी शिट्टी होती. टर्बो थोडी शिट्टी मारतोच. "ताई, गाडी मोकळी झाली ना, श्वास घ्याले लागली. म्हणून तुमाले आवाज येते."

"पहिलेही येत होता. पण पहिले तो चढून मंग उतरे. आता चढते अन् वर जाऊन फाटते. अन् सकाळी निळा धूर येते जरासा."

"नवं तेल आहे, बसंन हळूहळू."

 त्या गाडीत बसल्या आणि गेल्या. रोज सोनाळा-मलकापूर करणाऱ्या बाईपेक्षा ते इंजिन मला जास्त कळतं, असं मला तेव्हा वाटत होतं. पुरुष ड्रायव्हरने हेच सांगितलं असतं तर मी टर्बोचा पाइप काढून दांडी हलवून पाहिली असती. दोन मिनिटांचं काम होतं. नाही केलं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

तिसऱ्या वेळी त्या आल्या ते स्टेशनवर प्रवासी उतरवून, सकाळी दहाच्या सुमारास. अंगणात गाडी लावली आणि चालूच ठेवली. "आज मी नाही जात," म्हणाल्या. "तुम्ही नीट ऐका."

गॅरेजमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं होती, शेजारच्या टपरीवर चहावाल्याचा स्टोव्ह पेटलेला. मी बॉनेट उघडून उभा राहिलो आणि हाताने खूण केली, "जरा रेस द्या."

त्यांनी रेस दिली. शिट्टी चढली, आणि वर जाऊन फाटली. अगदी त्यांनी सांगितलं होतं तशी. आत खर्र झालं. सायलेन्सरमधून धुराचा लोट निघाला, आधी निळा, मग पांढरा. मी हात खाली केला, म्हणजे रेस सोडा. त्यांनी पाय उचलला. "पाय काढला मी!" त्या खिडकीतून ओरडल्या. पण इंजिन उतरलं नाही. चढतच गेलं.

काय झालं होतं ते आता सांगतो, तेव्हा सांगायला सवड नव्हती. टर्बोची दांडी झिजून सैल झाली होती. तिच्या कडेने इंजिनाचंच तेल हवेच्या वाटेत शिरलं आणि डिझेल इंजिनाला काय, जळणारं काहीही चालतं. ते स्वतःचंच तेल पिऊन पळायला लागलं. चावी फक्त डिझेल बंद करते. डिझेल तर त्याला आता नकोच होतं. असं इंजिन तेल संपेपर्यंत नाहीतर फुटेपर्यंत पळतं.

मी धावत खिडकीपाशी गेलो, हात घालून चावी फिरवली, उपटून काढली. काही नाही. धुराने समोरचा हायवे दिसेनासा झाला. आवाज असा की छातीत हादरे बसत होते. गिऱ्हाइकं पळाली. चहावाला स्टोव्ह विझवून पळाला. मी ओरडलो, "ताई, उतरा! फुटंन हे!"

त्या उतरल्या नाहीत. मला विचारलं, "कायनं बंद होते?"

आणि मी, इतक्या वर्षांचा मुरलेला मिस्त्री, हातात चावी घेऊन नुसता उभा राहिलो. हवेची वाट बंद करायची असते हे मी ऐकून होतो. फळी शोधायची, की जाड पोतं? कुठे ठेवलंय? 

ताईंनी हँडब्रेक ओढला. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, कमरेतून मागे रेलून सगळं वजन त्या पायावर. गिअर खर्रकन सगळ्यात वरचा टाकला. माझ्याकडे पाहून "बाजूले व्हा!" म्हणाल्या आणि क्लच एकदम सोडला.

गाडी दावणीला बांधलेल्या बैलासारखी पुढे उसळली, मागची चाकं घासली, सगळा सांगाडा थरथरला, ब्रेक लागलेली चाकं इंजिनाला फिरवता येईनात, आणि ते बसलं. गपकन.

 धूर हळूहळू वर जात होता. ताईंचा पाय अजून ब्रेकवरच होता. मी दार उघडलं.

"हे तुमाले कोणं शिकवलं?"

"भावाचा टॅक्टर," त्या म्हणाल्या. "बंद कराची तार तुटलेली होती त्याची. सहा महिने असाच बंद करत होतो." मग हळूच म्हणाल्या, "पानी द्या थोडंसं."

दुपारी गाडीखाली शिरून मी तळाचं, तेल साठतं ते चेंबर उघडलं. त्यात एक जाळी असते, तिथूनच इंजिन तेल ओढतं. ती जाळी काळ्या खपल्यांनी बुजली होती. फ्लशने मळ विरघळला होता थोडा, आणि बाकीचा नुसता उखडला होता. उखडलेला मळ बोल्टच्या भोकातून निघाला नाही, तो खाली जाळीवर येऊन बसला. टर्बोला तेल नेणारी नळी उदबत्तीच्या काडीएवढी. तिच्यात तार घातली तर अर्ध्यावर अडली. टर्बो बिचारा दोन-तीन आठवडे तहानलेला फिरत होता. दांडी धगीने निळी पडली होती, पेरूएवढ्या त्या सुंदर चक्राच्या कडा घासून वाकल्या होत्या.

मी गाडीखाली पडून होतो आणि बाहेर ताईंचे बूट दिसत होते. खरं सांगतो, मनात आलं की दोष आधीच्या मालकावर ढकलावा. ते अर्धं खरंही होतं. गिऱ्हाइकं परत जमली होती, सगळ्यांचे कान माझ्याकडे. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि मी खाली पडलेला, त्यामुळे तो बरोबर माझ्याकडेच बघत असल्यासारखा. मी बाहेर आलो, जाळी त्यांच्या हातात दिली.

"ताई, तुम्ही इचारलं होतं मळ जाईन कुठं. हा पाहा, इथं गेला. माही चूक आहे. आधी चेंबर उघडून हातानं साफ कराले पाहिजे होतं. तुम्ही शिट्टीचं सांगतलं, थेही मी ऐकलं नाही. दुरुस्त मी करून देतो, तुमाले काही लागणार नाही."

त्यांनी जाळीवरची खपली नखाने काढली, बोटांत चुरली.  माणसं वाट बघत होती की आता बाई मिस्त्रीला फाडून खाणार.

"मी उद्यापासून येतो एसटीनं," त्या म्हणाल्या. "सगळं माह्या डोयासमोर उघडाचं. मले पाहाचं आहे हे."

आणि त्या आल्या. रोज. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी पदर खोचून चेंबर स्वतः डिझेलने घासायला बसल्या. ब्रशने जे निघालं नाही ते लाकडी काडीने काढलं. प्रत्येक नळी उचलून विचारायच्या, "हे काय करते?" मी सांगायचो. सांगता सांगता मलाच नव्याने कळत होतं. जे हात सवयीने करतात ते तोंडाने सांगायला लागलं की माणसाला आपलं अज्ञानही दिसतं.

नवा टर्बो बसवायच्या दिवशी मी नवी नळी जोडली आणि बोल्ट कसायला पाना घेतला. ताई म्हणाल्या, "थांबा. ह्या नळीनं तेल येते. मंग जाते कोणत्या वाटेनं?"

"खालच्या पाइपानं. परत चेंबरमध्ये."

"तो पाइप पाह्यला?"

माझा हात पान्यावरच थांबला. नव्हता पाहिला. तो जाड असतो, तो सहसा बुजत नाही, म्हणून मी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. काढून उजेडात धरला. निम्मा काळा, कडक मळाने भरलेला. तसाच बसवला असता तर आलेलं तेल परत जाऊ शकलं नसतं, तुंबून पुन्हा कडेने बाहेर आलं असतं, आणि नव्या टर्बोचीही तीच गत झाली असती. दुसऱ्यांदा.

मी खाली बसलो. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. या बाईला इंजिन कोणी शिकवलं नव्हतं. पण शेतात पाटाचं पाणी फिरवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाणी आलं की ते कुठून आलं आणि पुढे कुठे जाणार हे बघावं लागतं, नाहीतर वाफा फुटतो. मी इतकी वर्षं पार्ट बघत होतो. त्यांनी वाट बघितली.

चालू करण्याआधी नव्या टर्बोत हाताने तेल भरायचं असतं, पहिल्या क्षणालाही तो कोरडा फिरता कामा नये. मी तेल सोडलं आणि ताईंना म्हणालो, "चक्राले बोट लावा." त्यांनी तर्जनीने हलकेच टिचकी मारली. चक्र फिरलं. काही आवाज नाही. फिरतच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं.

"हे," त्या जवळजवळ कुजबुजल्या, "तेलावर तरंगून राह्यलं?"

"हाव."

"एवढुसं?"

"एवढुसं."

गाडी चालू केली. ताई बॉनेटपाशी उभ्या राहिल्या, डोळे मिटून. शिट्टी चढली, वर टेकली, उतरली. त्यांनी मान हलवली. तेव्हा मी रेसवरून पाय काढला.

त्यानंतर मी मळलेल्या इंजिनात ती बाटली ओतणं सोडलं. केमिकल वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. पण जिथं थर चढलेला आहे तिथं चेंबर उघडून हाताने साफ करावं, जाळी बघावी, चांगलं तेल भरून ते थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा बदलावं. चांगलं तेल स्वतःच हळूहळू मळ काढतं, कुठे न अडकवता. वेळ लागतो. जो मळ वर्षानुवर्षं चढला तो पंधरा मिनिटांत जाईल, अशी घाई मी केली होती. गिऱ्हाइकाने घाई केली तर समजू शकतो, मिस्त्रीने नाही करायची.

मागच्या हिवाळ्यात पुतण्या मला सोनाळ्याला घेऊन गेला. सुनंदाताईंनी बोलावलं होतं. गाडी अजून तीच, तोच टर्बो. घरासमोर निंबाखाली त्यांनी पत्र्याची एक शेड टाकली आहे. आजूबाजूच्या गावांतल्या पिकअप, जीप, कोणाकोणाचे ट्रॅक्टर तिथं उभे होते. मी आलो म्हणून त्यांनी चहा सांगितला आणि पुन्हा एका पिकअपखाली शिरल्या. त्यांच्या यजमानांनी मला खुर्ची दिली. पण मला बसवेना. गुडघे दुखत होते तरी मी जवळ जाऊन वाकलो आणि त्यांना उजेड दाखवायला बॅटरी धरली.

एवढ्यात एक शेतकरी गाडी घेऊन आला. माझे पांढरे केस आणि हातातली बॅटरी पाहून तो सरळ माझ्याकडे आला. "मिस्त्री, हे पाहा ना. आवाज येऊन राह्यला. माह्या मतानं यात ते औषध टाकलं का—"

मी बोलणार, तेवढ्यात गाडीखालून आवाज आला.

"भाऊ, पहिले चालू करा. अन् बोलू नका. मले ऐकू द्या."

  त्याने चावी फिरवली, आणि आम्ही दोघं त्या पिकअपखालून दिसणाऱ्या बुटांकडे बघत, त्या काय म्हणतात याची वाट पाहत उभे राहिलो.